खाते एकाकडे, किल्ली दुसऱ्याकडे

मराठीत ‘खाते’ हा शब्द दोन घरी नांदतो. बँकेत ते ग्राहकाचे असते आणि मंत्रालयात मंत्र्याचे. माझी सारी नोकरी पहिल्या प्रकारच्या खात्यांत गेली. निवृत्तीनंतर वर्तमानपत्र सावकाश वाचायची सवय लागली, तेव्हा ध्यानात आले की लोकांना वेड आहे ते दुसऱ्या प्रकारच्या खात्यांचे. निकालाच्या दिवशी कोण जिंकले याची चर्चा दुपारपर्यंत टिकते. संध्याकाळपासून ‘गृह कुणाकडे, अर्थ कुणाकडे’ सुरू होते, आणि ते महिनाभर पुरते.

२०२४ साली ते अक्षरशः महिनाभर पुरले. २३ नोव्हेंबरला विधानसभेचा निकाल लागला. एवढे घवघवीत बहुमत की विरोधी बाकांवर विरोधी पक्षनेता होण्याइतकेही संख्याबळ कुणाकडे उरले नाही. तरी मुख्यमंत्र्यांचा शपथविधी झाला ५ डिसेंबरला, मंत्र्यांचा १५ डिसेंबरला नागपुरात, आणि खातेवाटप २१ डिसेंबरला. मधले सहा दिवस ३९ मंत्री होते, पण कुणाला खाते नव्हते. पुढे १८ जानेवारी २०२५ रोजी पालकमंत्र्यांची यादी निघाली आणि दुसऱ्याच दिवशी रायगड व नाशिक या दोन जिल्ह्यांच्या नेमणुकांना स्थगिती द्यावी लागली. पालक कोण यावरून पाल्याच्या दारात भांडण!

हे सगळे पाहून आमच्या पिढीतले लोक एक ठरावीक सुस्कारा सोडतात : पूर्वी असे नव्हते. मला या सुस्काऱ्याचा संशय येतो. म्हणून मुंबई प्रांताची पहिली मंत्रिमंडळे, म्हणजे १९२१ पासून १९३९ पर्यंतची, जरा जवळून पाहावीत असे ठरवले. जे दिसले त्यातले पुष्कळ ओळखीचे होते. पण एक गोष्ट अशीही होती, जी आज शोधूनही सापडत नाही.

बँकेतल्या तिजोरीला दोन किल्ल्या असतात, हे पुष्कळांना ठाऊक असेल. एक शाखाधिकाऱ्याकडे, दुसरी कॅश सांभाळणाऱ्याकडे. दोघे एकत्र आल्याखेरीज तिजोरी उघडत नाही. याला आम्ही जॉइंट कस्टडी म्हणत असू. ती व्यवस्था चालते, कारण दोघे एकाच बँकेचे नोकर असतात आणि संध्याकाळी दोघांची सही एकाच वहीत पडते.

इंग्रजांनी १९१९ च्या कायद्याने प्रांतांत जी द्विदल राज्यपद्धती आणली, तीही सांगायला जॉइंट कस्टडीच होती. प्रांताच्या कारभाराचे दोन भाग केले. पोलीस, न्याय, जमीनमहसूल आणि अर्थ ही ‘राखीव’ खाती. ती गव्हर्नर आणि त्याच्या कार्यकारी मंडळाकडे. शिक्षण, आरोग्य, शेती, स्थानिक स्वराज्य, अबकारी ही ‘सोपीव’ खाती. ती हिंदी मंत्र्यांकडे. १९२१ साली मुंबईत असे तीन मंत्री झाले : चुनीलाल मेहता, गुलाम हुसेन हिदायतुल्ला आणि रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे. परांजपे म्हणजे केंब्रिजचे सीनियर रँग्लर, फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य. आजच्या वाचकांना ओळख पटावी म्हणून सांगायचे तर सई परांजपे यांचे आजोबा.

रँग्लर परांजप्यांना शिक्षण खाते मिळाले. एवढ्या योग्य माणसाला एवढे योग्य खाते मिळाल्याचे उदाहरण आपल्या इतिहासात शोधावे लागेल. त्यांनी १९२३ साली प्राथमिक शिक्षणाचा कायदा करून घेतला. नगरपालिकांनी आणि लोकल बोर्डांनी सक्तीच्या शिक्षणाच्या योजना कराव्यात, खर्चाचा मोठा वाटा सरकारने उचलावा, असा त्याचा गाभा. कायदा उत्तम होता. पण सरकारने वाटा उचलायचा म्हणजे पैसे अर्थ खात्याने द्यायचे, आणि अर्थ खाते राखीव! म्हणजे खाते परांजप्यांकडे आणि किल्ली गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळाकडे. हिशेबही एका वहीत नव्हता. मंत्री कौन्सिलला जबाबदार, किल्लीवाला लंडनला.

त्यातून प्रांताच्या तिजोरीत मुळात होते किती, हा वेगळाच प्रश्न. मेस्टन समितीने १९२० साली प्राप्तिकर दिल्लीकडे दिला आणि जमीनमहसूल व अबकारी प्रांतांकडे. शेतीवर चालणाऱ्या प्रांतांना ते सोयीचे होते. गिरण्या आणि पेढ्यांचा प्राप्तिकर ज्या प्रांतात गोळा होतो, त्या मुंबईला ते जाचले. वर केंद्राला वर्षाला ५६ लाखांची वर्गणी द्यायचीच. मुंबईने कमवायचे आणि दिल्लीने वाटायचे, ही जीएसटीच्या काळात पुन्हा पुन्हा ऐकू येणारी तक्रार अशी शंभर वर्षांची जुनी आहे.

आता सोपीव खात्यांची यादी पुन्हा एकदा पाहा. शिक्षण आणि अबकारी शेजारी शेजारी आहेत. मंत्र्यांच्या बाजूला पैसा आणणारे खाते जवळजवळ एकच, दारूचे. म्हणजे शाळा वाढवायच्या तर ताडी-दारूची दुकाने चालायला हवीत. बापाने प्यावे म्हणजे पोराने शिकावे. या विचित्र गाठीचा महात्मा गांधींना मनापासून तिटकारा होता, आणि या गाठीने पुढे मुंबईच्या एका मंत्रिमंडळाची मोठी परीक्षा घेतली. त्याकडे येतोच.

द्विदल पद्धतीत काहीच झाले नाही असे मात्र नाही. ४ ऑगस्ट १९२३ रोजी सीताराम केशव बोले यांनी मुंबई कौन्सिलात ठराव मंजूर करून घेतला, की सरकारी पैशावर बांधलेली वा चालवलेली पाणवठे, विहिरी, धर्मशाळा ही ठिकाणे अस्पृश्यांना खुली असावीत. सरकारी हुकूम निघाले. महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठरावही केला. ठराव मुंबईत झाला, महाडातही झाला, पण पाणी मिळेना. शेवटी २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आंबेडकरांना हजारो माणसे घेऊन तळ्यावर जावे लागले. तिथे किल्ली गव्हर्नरकडेही नव्हती. ती गावाकडे होती. मंत्रिमंडळाचा अभ्यास करताना ही तिसरी किल्ली विसरून चालत नाही.

१९३५ च्या कायद्याने द्विदल संपले आणि १९३७ च्या सुरुवातीला निवडणुका झाल्या. मुंबई प्रांताच्या विधानसभेत १७५ जागा, त्यांपैकी काँग्रेसला ८६. सिंध आदल्याच वर्षी वेगळा झाला होता. तरी प्रांत गुजरातपासून धारवाड-कारवारपर्यंत पसरलेला होता, आणि विदर्भ व मराठवाडा मात्र त्यात नव्हते. निकाल लागला, पण मंत्रिमंडळ काही होईना. फेब्रुवारी गेला, मार्च गेला. तिढा होता, पण तो खात्यांचा नव्हता. गव्हर्नर आपले खास अधिकार वापरून मंत्र्यांच्या कामात लुडबुड करणार नाही असे आश्वासन मिळाल्याशिवाय सत्ता घ्यायची नाही, असे काँग्रेसने ठरवले होते. म्हणजे किल्लीचे आधी ठरवा, खात्याचे मग बोलू. व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी जूनमध्ये खुलासेवजा निवेदन केले, जुलैत वर्ध्याला कार्यकारिणी बसली आणि सत्ता घ्यायचे ठरले. १९२४ नव्हे, २०२४ मधल्या महिन्याभराच्या तिढ्याशेजारी हे चार-पाच महिने ठेवून पाहावेत. काळ अधिक लागला, पण कशासाठी लागला ते सांगायला कुणाला लाज वाटत नव्हती.

दरम्यान राज्य थांबत नसते. १ एप्रिल १९३७ रोजी साताऱ्याचे धनजीशा कूपर यांनी अल्पमताचे मंत्रिमंडळ केले. विधानसभेला एकदाही तोंड न देता ते साडेतीन महिने टिकले. अशा मंत्रिमंडळाला इतिहासात एक ओळही मिळू नये. पण त्यात जमनादास मेहता होते, आणि त्यांनी आग्रह धरला म्हणून १० मे १९३७ रोजी सावरकरांची रत्नागिरीची स्थानबद्धता संपली. तेरा वर्षे जे कुणी केले नाही ते या औटघटकेच्या मंडळींनी केले. आपण किती दिवस खुर्चीवर आहोत हे ठाऊक असलेला माणूस कधी कधी जास्त मोकळेपणाने सही करतो, हे मी बदलीचा हुकूम खिशात असलेल्या अधिकाऱ्यांमध्येही पाहिले आहे.

१९ जुलैला बाळासाहेब खेरांचे मंत्रिमंडळ आले. त्या काळी प्रांताच्या मुख्यमंत्र्याला प्राइम मिनिस्टर म्हणत. पण खेरच का? मुंबई शहरात तेव्हा नाव होते ते वीर नरिमन यांचे. त्यांचीच निवड होणार असे पुष्कळांनी धरले होते. झाली मात्र खेरांची, रत्नागिरीत जन्मलेल्या एका सौम्य सॉलिसिटरची. नरिमन यांनी उघड आरोप केला की वल्लभभाईंनी आपला पत्ता कापला. चौकशी झाली, गांधीजी आणि बहादुरजी यांनी ती केली, आणि निर्णय नरिमन यांच्याविरुद्ध गेला. त्यांचे राजकारण त्यानंतर कधी सावरले नाही. तेव्हा आमदारांनी निवडायचा नेता पक्षश्रेष्ठी निवडतात, ही तक्रार घेऊन आज जे गळा काढतात त्यांनी एकदा नरिमन यांची आठवण काढावी.

नागपुरात तर याहून मोठे नाटक झाले. मध्य प्रांत-वऱ्हाडचे मुख्यमंत्री डॉ. ना. भा. खरे. त्यांच्या मंत्रिमंडळात मराठी बाजू आणि महाकोशलची हिंदी बाजू यांचे जमत नव्हते. २० जुलै १९३८ रोजी खऱ्यांनी राजीनामा दिला, सहकाऱ्यांनाही द्यायला सांगितले. रविशंकर शुक्ल, द्वारकाप्रसाद मिश्र आणि दु. के. मेहता या तिघांनी नकार दिला. गव्हर्नरने त्यांना काढून टाकले आणि एका रात्रीत खऱ्यांचे दुसरे मंत्रिमंडळ उभे राहिले. त्यात अग्निभोज हे दलित समाजातले मंत्रीही घेतले होते. वर्ध्याहून वज्र कोसळले, खरे दहा दिवसांच्या आत घरी गेले आणि शुक्ल मुख्यमंत्री झाले. २३ नोव्हेंबर २०१९ च्या पहाटेच्या शपथविधीने ज्यांना धक्का बसला होता, त्यांना एवढेच सांगावेसे वाटते की महाराष्ट्राच्या भूमीवर हा प्रयोग एक्याऐंशी वर्षे आधी होऊन गेला होता.

खेरांच्या मंत्रिमंडळात सात जण होते. स्वतः खेरांकडे शिक्षण. क. मा. मुन्शी गृह आणि कायदा. अण्णासाहेब लठ्ठे अर्थ. मोरारजी देसाई महसूल, शेती, जंगल. डॉ. मंचेरशा गिल्डर आरोग्य आणि अबकारी. मोहम्मद यासीन नुरी बांधकाम. लक्ष्मणराव पाटील स्थानिक स्वराज्य. यादी वाचताना माझ्यातला जुना बँकवाला सुखावतो, कारण माणूस आणि टेबल यांचा मेळ बसतो. गिल्डर हृदयरोगांचे नामांकित डॉक्टर. लठ्ठे कोल्हापूरचे माजी दिवाण. मोरारजी १९३० पर्यंत डेप्युटी कलेक्टर, म्हणजे महसुलाचा कागद कुठे अडतो हे त्यांना ठाऊक. मुन्शी बडे वकील, आणि गुजरातीतले लोकप्रिय कादंबरीकार. कादंबरीकाराकडे गृह खाते दिल्याचे वाचून मी क्षणभर खुशीत आलो. पण ७ नोव्हेंबर १९३८ रोजी औद्योगिक कलहाच्या विधेयकाविरुद्ध मुंबईत कामगारांचा संप झाला, आंबेडकर आणि कम्युनिस्ट पुढारी एकत्र उभे राहिले आणि पोलिसांनी गोळी चालवली, तेव्हा गृहमंत्री हेच होते. कल्पनाशक्ती असलेला माणूस खुर्चीवर वेगळा वागतो, असा पुरावा मला तरी सापडलेला नाही.

मेळ बसला नाही तोही सांगितला पाहिजे. मुस्लिम लीगला बरोबर घ्यायचे की नाही यावर बोलणी झाली आणि फिसकटली. नुरी काँग्रेसच्या प्रतिज्ञेवर सही करून मंत्री झाले, लीगवाले चिडले. सातांत एकही दलित नव्हता, आणि समोरच्या बाकांवर आंबेडकरांसारखा माणूस आपल्या स्वतंत्र मजूर पक्षाच्या आमदारांसह बसलेला होता. सातांत एकही बाई नव्हती. हंसाबेन मेहतांना पार्लमेंटरी सेक्रेटरीपदावर समाधान मानावे लागले. १७ सप्टेंबर १९३७ रोजी आंबेडकरांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक आणले. माझे आजोळ कोकणातले, त्यामुळे या विधेयकाचे काय झाले याची मला विशेष उत्सुकता होती. काही झाले नाही. ते पडून राहिले.

आता संख्येचे पाहू, कारण ‘सातांत भागत होते, आता बेचाळीस लागतात’ हे वाक्य मी लग्नाच्या पंगतीपासून स्मशानापर्यंत सगळीकडे ऐकले आहे. २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने मंत्र्यांची संख्या सभागृहाच्या पंधरा टक्क्यांवर अडवली. आपल्या २८८ च्या सभागृहात ती जास्तीत जास्त ४३ होते. डिसेंबर २०२४ मध्ये मुख्यमंत्री धरून ४२ झाले. खेरांच्या वेळी प्रांताची लोकसंख्या सुमारे दोन कोटी. सातने भागा : एका मंत्र्यामागे साधारण २८ लाख माणसे. महाराष्ट्राची २०११ च्या शिरगणतीची लोकसंख्या ११ कोटी २४ लाख. बेचाळीसने भागा : एका मंत्र्यामागे साधारण २७ लाख. मी हा भागाकार दोनदा केला. शिवाय १९३७ च्या सरकारकडे ना वीज मंडळ होते, ना सहकारी साखर कारखान्यांच्या हमीची डोकेदुखी, ना मेट्रो. तेव्हा संख्येवरून सुस्कारे सोडणाऱ्यांना हिशेब साथ देत नाही.

पगाराचा हिशेब अधिक मनोरंजक आहे. द्विदल काळातल्या मंत्र्यांना महिन्याला हजारांत पगार होता. कराची काँग्रेसने १९३१ साली ठरवले होते की सरकारी नोकराला पाचशे रुपयांवर पगार नसावा. खेर मंत्रिमंडळाने तो शब्द स्वतःला लावला : मंत्र्याला पाचशे रुपये, घर आणि मोटार यांचा भत्ता वेगळा. हाताखालच्या आयसीएस सचिवाला याच्या कितीतरी पट. लोकांना फार कौतुक वाटले. आजही वाटते.

विधानसभेत या पगाराचे विधेयक ऑगस्ट १९३७ मध्ये आले, तेव्हा आंबेडकरांनी कौतुकाच्या सुरात सूर मिळवला नाही. मंत्र्याचा पगार ठरवताना चार गोष्टी पाहिल्या पाहिजेत असे त्यांचे म्हणणे होते : समाजातले राहणीमान, पात्रता, लोकशाही आणि कारभाराची शुचिता. पगार एवढा कमी नसावा की घरचे असल्यावाचून कुणाला मंत्री होताच येणार नाही, आणि एवढाही नसावा की मंत्र्याला दुसरीकडे पाहावे लागेल. त्यांचे मत पटो न पटो, दखल घ्यावी अशी गोष्ट वेगळी आहे. त्या सभागृहाने मंत्र्यांच्या पगारावर वाद घातला. तत्त्व कोणते, व्यवहार कोणता, हे उभे राहून बोलले गेले. २०१६ च्या ऑगस्टात आपल्या विधिमंडळात आमदार-मंत्र्यांचे वेतन भरघोस वाढवणारे विधेयक आले आणि चर्चेवाचून मंजूर झाले. वेतन वाढायला माझी हरकत नाही. बँकेत आम्ही वेतनकरारासाठी संप केले आहेत. पण आमच्या मागण्यांचा कागद तरी निघत असे, आणि त्यावर दोन्ही बाजू रात्र रात्र भांडत असत.

आता ती दारूची गाठ. खेर मंत्रिमंडळाने दारूबंदी करायचे ठरवले. अबकारीचे उत्पन्न प्रांताच्या महसुलाच्या जवळपास एक चतुर्थांश. एखाद्या शाखेने आपल्या ठेवींतला चौथा हिस्सा तत्त्वासाठी परत करण्यासारखे हे होते. अबकारी खाते गिल्डरांकडे. ते पारशी, आणि दारूच्या धंद्यात पारशी समाजाची मोठी गुंतवणूक. स्वकीयांचा रोष त्यांनी पत्करला. उत्पन्नाचे भगदाड बुजवायचे काम लठ्ठ्यांचे. त्यांनी १९३९ साली मुंबईतल्या घरा-इमारतींवर वार्षिक भाडेमूल्याच्या दहा टक्के कर बसवला. शहर खवळले. घरमालक खवळले, मुसलमानांचे मोर्चे निघाले, बैरामजी जीजीभॉय यांनी उच्च न्यायालयात आव्हान दिले, आणि न्यायालयाने कर वैध ठरवला. १ ऑगस्ट १९३९ रोजी मुंबईत दारूबंदी लागू झाली.

दारूबंदी शहाणपणाची होती का, यावर मी इथे वाद घालणार नाही. ती फार काळ नीट टिकली नाही, हे सर्वांना ठाऊक आहे. नोव्हेंबर १९३९ मध्ये, हिंदुस्थानला न विचारता युद्धात ओढल्याच्या निषेधार्थ मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि प्रांत गव्हर्नर लम्ली यांच्याकडे गेला. मला मोह पडतो तो मधल्या पायरीचा. एका मंत्र्याने सांगितले, हे उत्पन्न मी सोडतो. दुसऱ्याने सांगितले, मग ते अमुक लोकांकडून अमुक दराने घेतो. आणि ज्यांच्याकडून घ्यायचे ते मुंबईतले वजनदार लोक होते, वर्तमानपत्रे आणि वकील बाळगणारे. खर्चाचे खाते आणि जमेचे खाते एकाच वेळी, नाव घालून, लोकांपुढे मांडले गेले. मी सुरुवातीला जी आज सापडत नाही म्हणालो, ती गोष्ट ही.

आज काय सापडते? जुलै २०२४ मध्ये लाडकी बहीण योजना सुरू झाली. महिन्याला दीड हजार रुपये. आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या बाईंच्या खात्यात ते पहिल्यांदा जमा झाले तेव्हा त्यांनी मला मोबाइलवरचा संदेश तीनदा वाचायला लावला, आणि त्या पैशातून मुलीच्या क्लासची फी भरली. या योजनेला नाक मुरडणाऱ्यांनी आधी त्या संदेशाची किंमत समजून घ्यावी. पण २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात तिच्यासाठी ३६ हजार कोटी होते, आणि राज्यावरचे कर्ज नऊ लाख ३२ हजार कोटींच्या घरात जाणार असे त्याच अर्थसंकल्पात लिहिले होते. हे ३६ हजार कोटी नक्की कुणाच्या खिशातून येणार, हे लठ्ठ्यांनी सांगितले तसे कुणी सांगितले नाही.

ते हळूहळू, बाजूच्या दाराने कळत गेले. मे २०२५ मध्ये सामाजिक न्याय खात्याचे ४१० कोटी आणि आदिवासी विकास खात्याचे ३३५ कोटी या योजनेकडे वळवल्याचे उघड झाले. सामाजिक न्यायमंत्री संजय शिरसाट यांनी जाहीर नाराजी व्यक्त केली, की आपल्याला न विचारता आपल्या खात्याचा पैसा गेला. बातमी वाचून मला रँग्लर परांजपे आठवले. फरक एवढाच की परांजप्यांच्या वेळी किल्ली परक्यांकडे होती. इथे मंत्री आपले, अर्थ खाते आपले, सभागृह आपले. आणि पैसा होता दलित-आदिवासींसाठी बाजूला काढलेला, म्हणजे ज्यांच्या वाट्याला १९२३ च्या ठरावानंतरही चार वर्षे पाणी आले नव्हते त्यांचा.

मग जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने मद्यावरचे उत्पादन शुल्क वाढवले. भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावर ते उत्पादन मूल्याच्या तिपटीवरून साडेचार पट. अपेक्षा अशी, की वर्षाला १४ हजार कोटी जास्त येतील. अर्थ आणि उत्पादन शुल्क ही दोन्ही खाती तेव्हा एकाच मंत्र्याकडे होती, त्यामुळे लठ्ठे-गिल्डर यांच्यात झाली असेल तशी वादावादी व्हायचा प्रश्न नव्हता. १९३९ साली घरमालकाच्या पैशाने दारू सोडायची होती. २०२५ साली दारूच्या पैशाने घरखर्चाला हातभार लावायचा होता. आणि हे शुल्क वसूल होते ते १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याच्या छत्राखाली, जो खेरांच्याच दुसऱ्या मंत्रिमंडळाने केला आणि जो ‘महाराष्ट्र दारूबंदी कायदा’ या नावाने अजून पुस्तकात आहे! नवरा गुत्त्यात जे देतो त्यातले काही बायकोच्या खात्यात येते, हा व्यवहार १९२१ च्या शाळांसारखाच आहे. फक्त तेव्हा बापाच्या पिण्यावर पोराची शाळा चालायची.

आमच्या त्या बाईंना मी हे समजावून सांगायचा प्रयत्न केला. त्यांनी ऐकून घेतले आणि विचारले, ‘‘काका, मग ते पैसे बंद होणार का?’’ त्यांच्या नवऱ्याची पिण्याची सवय मला ठाऊक आहे. साडेचार पट शुल्कातला थोडा भाग त्याचाही असतो, आणि तो त्यांच्याच पगारातून जातो. हे मी बोललो नाही. त्यांना ते माझ्याआधी कळलेले असावे.

अर्थसंकल्पाचे पुस्तक आता कुणालाही संगणकावर उघडून पाहता येते. गेल्या दोन वर्षांपासून मी ते मार्चमध्ये उघडतो आणि तीन आकडे वहीत टिपून ठेवतो : राज्य उत्पादन शुल्काची जमा, महिला व बालविकास खात्याचा खर्च, आणि सामाजिक न्याय खात्याला वर्षाच्या सुरुवातीला दिलेली व वर्षअखेर प्रत्यक्ष उरलेली रक्कम. पुढच्या मार्चसाठी वहीचे पान आखून ठेवले आहे.